डोक्याचा घेर मोजा, नोंदही ठेवा

बाळाचे वजन आपण दर भेटीत घेतो. डोक्याचा घेर मात्र लसीकरणाच्या गर्दीत राहून जातो. गोंदियातल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि फॅमिली डॉक्टरांनी टेप हाताशी ठेवावी, हे आग्रहाने सांगायचे कारण एमएलसी हा मेंदूच्या पांढऱ्या भागाचा दुर्मिळ आजार.

या आजारात पहिल्याच वर्षी डोके झपाट्याने वाढते. मूल मात्र हसते, बसते, उशिरा का होईना चालते. पुढे तोल जातो, पाय ताठरतात, झटके येतात. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग सर्वत्र सुजलेला आणि कानशिलामागे सिस्ट दिसतात. फिल्म पाहून मूल अंथरुणाला खिळले असेल असे वाटावे आणि ते समोर खेळत असावे, ही विसंगतीच निदानाची मोठी खूण. केवळ मोठे डोके पाहून 'डोक्यात पाणी' म्हणण्याची घाई नको. आई-वडिलांची डोकीही मोजा. घराण्यातच मोठे डोके असू शकते.

मुंबईत डॉ. भीम सिंघल आणि सहकाऱ्यांना अशी मुले अग्रवाल कुटुंबांत पुन्हापुन्हा दिसली. १९९६ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडले. वर्षभर आधी नेदरलँड्समध्ये मार्यो व्हान डर क्नाप यांनी याच आजाराचे वर्णन केले होते. २००१ मध्ये एमएलसी१ जनुक सापडले. २००४ मध्ये सिंघल आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या एकत्रित कामातून अग्रवाल रुग्णांत एकच समान बदल असल्याचे कळले. या जनुकाचे प्रथिन अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशींच्या, रक्तवाहिन्यांना टेकलेल्या टोकांवर असते. ते बिघडले की मेंदूतला पाण्याचा आणि क्षारांचा तोल ढळतो. या साऱ्या शोधाला बाह्यरुग्ण विभागातल्या बारकाईच्या नोंदींचा आधार होता.

गोंदियाच्या बाजारपेठेत अग्रवाल घराणी आहेत आणि बालाघाटकडचे रुग्णही इथे येतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशा मुलांची नोंदवही का असू नये? संमती घेऊन ती माहिती मुंबईच्या केईएमसारख्या दुर्मिळ आजारांच्या केंद्राला देता येईल. हा आजार इतर समाजांतही होतो, म्हणून आडनाव पाहून शंका घेऊ नये किंवा सोडूनही देऊ नये. समाजावर शिक्का बसेल असे तर चुकूनही बोलू नये.

मुळावर औषध अजून नाही. झटक्यांवर मात्र बहुधा चांगला ताबा मिळवता येतो. डोक्याला किरकोळ मार लागूनही प्रकृती एकदम ढासळू शकते, हे पालकांना आणि शाळेला सांगा. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत धोका २५ टक्के असतो. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी त्यांना जनुकीय समुपदेशनासाठी पाठवा.