हवेचे पैसे

परवा गावाहून पुतण्याचा फोन आला. "काका, शेतात झाडं लावली की कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात म्हणे. एका कंपनीचा माणूस आलाय, वीस वर्षांच्या करारावर सही मागतोय. सातबाऱ्यावर तुमचंही नाव आहे. काय करू?"

ही योजना म्हणजे निव्वळ थाप नव्हे. एक क्रेडिट म्हणजे हवेतून काढून घेतलेला, किंवा हवेत जाऊ न दिलेला, एक टन कार्बन डायऑक्साइड. धूर सोडणाऱ्या कंपन्या भरपाई म्हणून ही क्रेडिट्स विकत घेतात. १९९७ च्या क्योटो करारापासून हा व्यवहार रुजला. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानेही शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केला.

पण मास्तराची सवय, मी कागद घेऊन गणित मांडलं. समजा एकरी वर्षाला एक क्रेडिट मिळालं आणि भाव आठशे रुपये धरला. आमच्या दोन एकरांचे झाले सोळाशे. त्यातून मोजणी, नोंदणी, तपासणी आणि मधल्या कंपनीचा वाटा वजा करा. निम्मे हाती आले तर महिन्याला सत्तर रुपयेही पडत नाहीत! त्यासाठी वीस वर्षं जमीन बांधून घ्यायची?

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. क्रेडिट मिळतं ते नव्याने केलेल्या कामाला. बांधावरचे आंबे आणि कडुनिंब आमच्या वडिलांनी लावले, दुष्काळातही तोडले नाहीत. त्यांना शून्य. ज्याने बांध मोकळे केले, त्याला आता झाडं लावायचे पैसे. हिशेबाच्या दृष्टीने नियम बरोबर असेल, न्यायाच्या दृष्टीने मला तो पटत नाही.

मग नादच सोडायचा का? नाही. केनियात २०१४ साली छोट्या शेतकऱ्यांनी गट करून जमिनीतल्या कर्बाची २४,७८८ टनांची क्रेडिट्स मिळवली. पण ती हजारो जणांची मिळून होती. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे, गावाने किंवा शेतकरी गटाने मिळून करायचं आहे.

पुतण्याला सांगितलं, "घाईने सही करू नकोस. करार मराठीत माग. आपला वाटा किती, झाड वाळलं तर जबाबदार कोण, मधेच बाहेर पडता येतं का, हे लेखी घे. दहा जण मिळून बोला. आणि शेणखत, पाचट, हिरवळीचं खत मात्र आजपासून घाल. त्याने जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढेल, ओल टिकेल, पीक सुधारेल. तो फायदा कुठल्याही कंपनीच्या सहीवाचून आपलाच."

क्रेडिटचे पैसे आले तर ती वरकड कमाई समजावी. त्यावर संसाराचा हिशेब मांडू नये.

तो म्हणाला, "काका, त्या माणसाला उद्या काय सांगू?"

म्हटलं, "करार ठेवून जा म्हणावं. आम्ही वाचतो."

तुमच्यापैकी कुणाच्या गावात असा करार झाला असेल तर अनुभव जरूर कळवा.