बारीक गॅसच्या बाजूनं

माणसाचा स्वभाव पत्रिकेवरून कळतो म्हणतात. मला तो शेगडीच्या बटणावरून कळतो. मोठ्या गॅसवाल्यांचं जगात बहुमत आहे, हे मी जाणून आहे. चहाला मोठा गॅस, दुधाला मोठा गॅस, दोन अंडी उकडायची तरी खाली होळी! पातेलं टीचभर आणि ज्योत हातभर. ती पातेल्याच्या अंगावरून चढते, सांडशीला चटके देते आणि छताकडे निघून जाते. बुडाबाहेर गेलेली ज्योत तापवते ते फक्त स्वयंपाकघर. मे महिन्यात ही मदत तिच्याकडे कुणी मागितलेली नसते.

"पण लवकर होतं ना!" हा त्यांचा हुकमी एक्का. काय लवकर होतं? पाणी एकदा उकळलं की 100 अंशांच्या आसपास थांबतं. पुढं तुम्ही खाली खांडववन पेटवलंत तरी बटाटा लवकर शिजत नाही. पाणी तेवढं आटतं. मग हेच लोक "कमी पडलं वाटतं" म्हणत वरून गार पाणी ओततात.

कुकरच्या बाबतीत तर यांनी स्वयंपाक आणि संगीत यांत गल्लत केली आहे. आत दाब पुरेसा झाला, तपमान 120 अंशांच्या घरात गेलं की शिट्टी होते. "पोचलो, आता आवरा," असा तो निरोप असतो. निरोप मिळाल्यावर गॅस बारीक करावा आणि घड्याळ बघावं. पण नाही, आपण शिट्ट्या मोजणार. वरणाला चार, राजम्याला आठ! पैसे मोजून घेतलेली वाफ शिट्टीगणिक शेजाऱ्यांकडे.

"एवढा काय मेला कंजूषपणा!" हे मला घरातच ऐकवलं जातं. अहो, देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बोटीनं परदेशातून येतो. समुद्र ओलांडून आलेल्या पाहुण्याला पातेल्याच्या बाजूनं पळवून लावायचं?

पण पैशाचंही सोडा. माझं खरं वैर आहे ते मोठ्या गॅसवर दूध ठेवून "आलोच" म्हणत फोनकडे जाणाऱ्यांशी. दूध उतू जातं, ज्योत विझते, गॅस मात्र सुरूच. साध्या शेगडीला आपण विझलोय हे कळत नाही. (बारीक ज्योतही वाऱ्यानं विझते, हा विरोधकांचा मुद्दा मान्य. म्हणून ओट्याजवळ टेबलफॅन नको.) बरं, हा गॅस हवेपेक्षा जड. तो ओट्याखाली, जमिनीलगत दबा धरून बसतो. त्याचा आपल्याला पत्ता लागावा म्हणून त्यात मुद्दाम घाणेरड्या वासाचं मर्कॅप्टन घालतात. इतकी सोय करून दिल्यावर आपण काय करतो? "वास येतोय का गं?" म्हणत दिवा लावतो! त्या बटणातली एक ठिणगी पुरते. अशा वेळी विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन.

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ तर नळीची गळती शोधायला काडी ओढणार होते. त्याला साबणाचं पाणी लागतं. फेसाचे बुडबुडे उठले की समजावं. मी त्यांच्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. परवा जिन्यात समोरासमोर आलो तरी मान फिरवून गेले. फिरवू देत. धडावर आहे, हे पुष्कळ झालं.