बेत मोडला तेव्हा

सप्टेंबर उजाडला की आमच्या हैदराबादेतल्या नल्लकुंट्यात १७ तारखेवरून, म्हणजे १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं त्या दिवसावरून, वाद सुरू होतो. कुणाच्या फलकावर मुक्तिदिन असतो, कुणाच्या एकात्मता दिन, आणि आता सरकारी कार्यक्रमपत्रिकेवर प्रजापालन दिन. मराठवाड्यातून येऊन इथे रुजलेल्या घरांना या भांडणात फारसा रस नसतो. त्यांच्यासाठी तो मुक्तिसंग्राम दिन, विषय संपला. माझं लक्ष मात्र आदल्या दिवसाकडे जातं. १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आजवरच्या एकवीस परमवीरांत लढतेवेळी लेफ्टनंट कर्नल हुद्द्यावर असलेले ते एकटेच. आणि त्यांची फौजी कारकीर्द सुरू झाली होती निजामाच्या सैन्यात, म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरात ज्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवली त्याच सैन्यात. आमच्या वादातल्या कुठल्याच बाजूला हा माणूस सोयीचा नाही.

नावातलं तारापोर म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर, अणुवीज केंद्रामुळे सगळ्यांना ठाऊक असलेलं. घराण्यात सांगितलं जातं की पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या फौजेत होते आणि पराक्रमाबद्दल त्यांना शंभर गावं इनाम मिळाली, त्यांत मुख्य गाव तारापूर. घराण्याच्या कथेत पिढ्यागणिक थोडी भर पडतेच, तेव्हा शंभराचा आकडा मी तरी सैल हाताने धरतो. पण तारापूर आणि हैदराबाद यांचं नातं पक्कं आहे. एकोणिसाव्या शतकात निजामाला कर्ज देणारे, वऱ्हाडचा महसूल गहाण घेणारे आणि औरंगाबादेत पेस्तनशाही रुपये पाडणारे विकाजी व पेस्तनजी मेहेरजी हे पारशी सावकार बंधू तारापूरचेच. सिकंदराबादची जुनी अग्यारी त्यांनीच १८४७ साली बांधली. अर्देशिर यांचे आजोबा आले ते सावकारीसाठी नव्हे, निजामाच्या आबकारी खात्यात नोकरीला.

अर्देशिर, घरचे आदी, १८ ऑगस्ट १९२३ ला मुंबईत जन्मले आणि पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत वसतिगृहात राहून शिकले. १९४० साली मॅट्रिक झाले, गोवळकोंड्याच्या प्रशिक्षण शाळेतून गेले आणि १९४२ मध्ये सातव्या हैदराबाद इन्फंट्रीत अधिकारी झाले. ओढ रणगाड्यांची आणि नेमणूक पायदळात. इथे तो हातबॉम्बचा प्रसंग येतो, तारापोरांच्या प्रत्येक चरित्रात येतो तो. सरावात एका जवानाच्या हातून बॉम्ब खंदकातच पडला. तारापोरांनी झेप घेऊन तो उचलला, फेकला, आणि फेकताफेकताच तो फुटला. किरच्या छातीत घुसल्या. हैदराबादी फौजांचे सरसेनापती मेजर जनरल एल एद्रूस तिथे पाहणीला आलेले होते. त्यांनी या तरुणाला पुढे कार्यालयात बोलावून शाबासकी दिली, आणि तारापोरांनी तिथल्या तिथे रणगाडा दलात बदली मागितली. मिळाली. पहिल्या हैदराबाद इंपीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये ते गेले आणि महायुद्धात मध्यपूर्वेत होते.

शाळेच्या पुस्तकात बॉम्बची झेप छापतात, बदलीची मागणी गाळतात. मला दोन्ही एकाच स्वभावाच्या वाटतात. समोर अचानक काहीतरी येऊन पडलं की इतर गोंधळतात, आणि या माणसाला पुढचं पाऊल दिसतं. एकदा ते पाऊल बॉम्बकडे गेलं, एकदा साहेबाच्या मेजाकडे.

मग १९४८. मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखालच्या भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, पाच दिवसांत सगळं आटोपलं आणि एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. ज्या सरसेनापतीच्या शब्दावर तारापोरांचं नशीब पालटलं होतं तोच पराभूत झाला, आणि ज्या संस्थानाचा गणवेश अंगावर होता ते संस्थान उरलं नाही. संस्थानी फौजेतले निवडक अधिकारी भारतीय सैन्यात घेतले गेले. तारापोर १९५१ मध्ये पूना हॉर्स रेजिमेंटमध्ये आले. या रेजिमेंटची जन्मकथाही गमतीची आहे: १८१७ मध्ये बाजीराव दुसऱ्यावर लादलेल्या पुणे तहातून, पेशव्याच्याच खर्चाने, इंग्रजांनी हे घोडदळ उभं केलं आणि त्याच वर्षी ते पेशव्यावर चाललं. निष्ठा आणि गणवेश यांचा हिशेब भारतीय सैन्यात कुणीच फार मागे नेऊ नये हे बरं.

पण बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला जुन्या रेजिमेंटमध्ये जागा मिळवणं सोपं नसतं. तिथल्या मेसच्या रीती, जुने किस्से, कोण कुणाचा शिष्य, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. तारापोरांनी ते शिकून घेतलं, ब्रिटनमध्ये सेंच्युरियन रणगाड्याचं प्रशिक्षण घेतलं, आणि १९६५ मध्ये त्याच रेजिमेंटचे प्रमुख म्हणून ते सीमेपलीकडे गेले. त्या वेळी लष्करप्रमुख होते जनरल जे. एन. चौधरी. तेच.

आता सियालकोट आघाडीवरचं फिल्लोरा. रणगाडा रेजिमेंट म्हणजे साधारण पंचेचाळीस रणगाडे: चौदा-चौदांचे तीन स्क्वॉड्रन आणि मुख्यालयाचे तीन. ११ सप्टेंबरला ते घेण्याचं मुख्य काम पूना हॉर्सकडे होतं. बेत असा की समोरून भिडायचं नाही. फिल्लोरा आणि चाविंडा यांच्या मधून आत घुसायचं आणि फिल्लोऱ्यावर मागून अचानक जायचं. बेत छान होता. पण रेजिमेंट त्या फटीत शिरत असतानाच वझीरवालीच्या बाजूने पाकिस्तानी रणगाडे अंगावर आले. ज्यांनी धक्का द्यायचा त्यांनाच धक्का बसला.

अशा वेळी करण्यासारख्या गोष्टी तीन. मागे हटून पुन्हा मांडणी करायची. यात शहाणपण दिसतं, पण दिवस हातचा जातो. सगळे रणगाडे नव्या शत्रूकडे वळवायचे; यात शौर्य दिसतं, पण फिल्लोरा राहून जातो, आणि समोरच्याला नेमकं तेच हवं असतं. किंवा कूस उघडी टाकून ठरल्याप्रमाणे पुढे जायचं. त्याला मराठीत आंधळेपणा म्हणतात. तारापोरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी जागा सोडली नाही, हल्ला अंगावर घेतला आणि तो थोपवून धरत असतानाच एक स्क्वॉड्रन व पायदळाची एक पलटण घेऊन फिल्लोऱ्यावर चाल केली. उद्दिष्ट तेच राहिलं आणि वाट पूर्ण बदलली, तीही गोळे पडत असताना. त्या दिवशी फिल्लोरा पडलं.

हे कागदावर चार ओळींत मावतं. रणगाड्यात ते कसं असतं याचा अंदाज घ्यावा म्हणून सांगतो. सेंच्युरियनमध्ये चार माणसं: चालक, तोफ डागणारा, गोळा भरणारा आणि कमांडर. झाकण बंद केलं की जग काचेच्या फटीएवढं होतं, म्हणून आपले कमांडर बहुधा डोकं बाहेर काढून लढत. सप्टेंबरात त्या भागात उभी शेतं आणि उडालेली धूळ. प्रमुखाला आपले सगळे रणगाडे दिसत नाहीत. त्याच्याकडे असतो रेडिओ, आणि त्या रेडिओवर त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. आवाज चढला तर तो सगळीकडे एकदमच चढतो. परमवीरचक्राच्या मानपत्रात तारापोर अखेरपर्यंत विचलित झाले नाहीत असा उल्लेख आहे. वाचताना तो ठरीव कौतुकाचा शब्द वाटतो. रणगाडा रेजिमेंटमध्ये मात्र प्रमुखाचा शांतपणा हे एक हत्यारच आहे, तोफेइतकं उपयोगाचं.

त्याच लढाईत ते जखमी झाले आणि त्यांनी मागे जायला नकार दिला. भाषणांत टाळ्या इथे पडतात. मी थोडा अडखळतो. जखमी प्रमुखाने आघाडीवर राहणं दर वेळी योग्य असतं असं मी मानत नाही. दुखऱ्या अंगाने घेतलेले निर्णय इतरांच्या जिवावर बेततात, आणि आपल्यावाचून चालणार नाही हा समज शूर माणसांनाही होतो. तारापोरांच्या बाबतीत पुढच्या पाच दिवसांनी उत्तर दिलं, म्हणून माझी शंका मी मागे घेतो, पण फक्त त्यांच्यापुरती. १४ तारखेला त्यांनी रेजिमेंट नेऊन वझीरवाली घेतलं, म्हणजे ज्या बाजूने तीन दिवसांपूर्वी घाव आला होता तीच बाजू. १६ तारखेला जस्सोरान आणि बुटुर डोगरांडी. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला तरी ही दोन्ही ठाणी त्यांनी धरून ठेवली, कारण पायदळाला चाविंड्यावर मागून जायचं तर तेवढाच आधार होता. तिथेच त्यांना प्राणघातक जखम झाली. सहा दिवसांत रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि आपले नऊ गमावले, असं मानपत्र सांगतं. युद्धातले आकडे दोन्हीकडे वेगळे असतात, ते धरून चालावं. त्याच मानपत्रात असंही आहे की प्रमुख पडल्यावरही रेजिमेंट लढतच राहिली. माझ्या लेखी ही नोंद साठ रणगाड्यांपेक्षा मोठी आहे. प्रमुख गेल्यावरही पथक मोडत नाही, तेव्हा त्याने हाताखालच्या माणसांना आधीच काय काय सोपवलेलं होतं ते कळतं.

बुटुर डोगरांडीत त्याच दिवशी आणखी एक प्रमुख पडले: आठव्या गढवाल रायफल्सचे लेफ्टनंट कर्नल झिराड. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आणि आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेलं. पंजाबातल्या एका खेड्यासाठी एकाच दिवशी दोन पलटणींचे प्रमुख गेले, आणि दोघांच्याही नावात कोकणच्या किनारपट्टीतलं एकेक गाव होतं. मराठी मुलखाने हे कधी एकत्र सांगितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण गौरवग्रंथ १६ तारखेलाच थांबतात. एवढ्या किमतीने घेतलेली ती ठाणी राखता आली नाहीत. चाविंड्यावरचा मोठा हल्ला १८ आणि १९ च्या मधल्या रात्री झाला आणि तो फसला. चाविंडा आपल्याला मिळालं नाही. पाकिस्तानात ती लढाई आजही त्यांचा विजय म्हणून साजरी होते. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला. पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांनीच नंतर या आघाडीवरच्या वरिष्ठ नेतृत्वावर कडक ताशेरे ओढले, आणि त्यांत फिल्लोऱ्याचं यश तेवढं वेगळं काढलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की तारापोरांचं कौतुक नुसतं शौर्याच्या खात्यात टाकणं म्हणजे वरच्यांना सोडून देणं. खाली एक कर्नल मिनिटांत बेत बदलत होता, आणि वर त्याने उघडलेलं दार वापरायला दोन दिवस लागत होते. धैर्याची कमतरता वरही नसेल. हालचालीची होती. शहीदाची आरती केली की हा प्रश्न विचारायचं कुणाला सुचत नाही, आणि आपल्याकडे आरतीची सोय नेहमीच मोठी असते.

माधापूर-हायटेक सिटीतल्या कंपन्या हल्ली फौजी अधिकाऱ्यांना बोलावून नेतृत्वाची व्याख्यानं ठेवतात. माझ्या ओळखीची तरुण मंडळी तिथून भारावून येतात आणि पुढच्या सोमवारी बेत बदलायचा तर चार जणांच्या सह्या मागतात. त्यांना तारापोर सांगायचे असतील तर फिल्लोऱ्यापासून सुरुवात करावी. एक स्क्वॉड्रन काढून पुढे गेले तेव्हा मागे हल्ला थोपवणाऱ्या स्क्वॉड्रनांवर त्यांना विसंबावं लागलं होतं. तो भरवसा एका दिवसात येत नाही. तो सरावाच्या मैदानावर, मेसमध्ये, चुका पोटात घालून, वर्षानुवर्षं तयार होतो. आणि तो तयार करणारा माणूस मुळात दुसऱ्या फौजेतून आलेला होता.

लढाईआधी त्यांनी आपल्या सहकारी अधिकाऱ्याला सांगून ठेवलं होतं की मी पडलो तर माझं दहन रणभूमीवरच करा. प्रार्थनेचं पुस्तक आईला, सोनसाखळी पत्नीला, अंगठी मुलीला, पेन मुलाला. दहन ही पारशी रीत नव्हे. अग्नी त्यांच्यात पवित्र, मृतदेहाने तो विटाळू नये असा दंडक. तरीही त्यांनी ते मागितलं, आणि जस्सोरानला ते झालं. सुस्थितीत असताना, शुद्धीत, शेवटच्या गोष्टींचीही वाटणी करून ठेवणारा हा माणूस. २०२३ च्या जानेवारीत अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली गेली, त्यांत एक तारापोर बेट आहे. आमच्या हैदराबादेने १७ तारखेच्या फलकांवरून भांडायचं ते भांडावंच. पण १९४८ मध्ये हरलेल्या फौजेतल्या या अधिकाऱ्याचं १९६५ चं मानपत्र त्या दिवशी एखाद्या शाळेत तेलुगू, उर्दू आणि मराठीत वाचायला काय हरकत आहे? दहा मिनिटांत वाचून होतं. प्रश्नोत्तरांना मात्र अर्धा तास ठेवावा, आणि चाविंड्याचा प्रश्न मुलांना विचारू द्यावा.

— नल्लकुंटेकर