मुंबईची गोदी आणि मागे राहिलेले जंगल

धागा थोडा लांब आहे. सवडीने वाचावा.

मुंबईच्या गोदीचे वैभव सांगणारे लेख आपण सर्वांनीच वाचले आहेत. त्यांत लवजी नसरवानजी वाडिया असतात, सागवानी युद्धनौका असतात आणि अखेरीस 'हे आपल्याकडे घडले' असा अभिमान असतो. अभिमान अनाठायी नाही. परंतु त्या कथेत एक पात्र कायम गैरहजर असते, ते म्हणजे जंगल. मी बोईसरची आहे. गावातून पूर्वेला मनोर, विक्रमगड, जव्हारच्या वाटेला लागले की सागाचे उतार सुरू होतात. कदाचित त्यामुळेच ही उणीव मला अधिक खटकते.

आधी आपल्या किनाऱ्याविषयी. जहाजबांधणी मुंबईत उपजली नाही, ती उत्तरेकडून आली. सोळाव्या शतकाच्या आरंभी वसईजवळची आगाशी लाकडाच्या आणि जहाजबांधणीच्या व्यापारासाठी नावाजलेली होती. १५३०-३१च्या सुमारास पोर्तुगीजांनी ती दोनदा लुटली. स्वतः लवजी सुरतेचे. कंपनीने १७३६ मध्ये त्यांना मुंबईस आणले, ते तेथील कसबी सुतार म्हणून. 'वाडिया' या शब्दाचा अर्थच मुळी जहाज बांधणारा. पुढे सुमारे दीडशे वर्षे मुंबईतील मुख्य बांधकामदाराचे पद याच घराण्यात राहिले.

(येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही गोदी म्हणजे आजची नौदल गोदी, माझगाव डॉक नव्हे. माझगावची लहान गोदी १७७४ मधील. तिची कंपनी १९३४ मध्ये झाली आणि सरकारने ती १९६० मध्ये ताब्यात घेतली. दोहोंची सरमिसळ जवळजवळ प्रत्येक फॉरवर्डमध्ये असते.)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रिटिश नौदल मुंबईकडे का वळले? कौतुक म्हणून निश्चितच नाही. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडला ओकची टंचाई भासू लागली होती. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका नौकेस सुमारे दोन हजार परिपक्व ओक लागत, असा त्या काळचा सर्वसाधारण हिशेब. साग या बाबतीत वरचढ ठरला. त्यात नैसर्गिक तेल असते, तो सहजी कुजत नाही, आणि ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे जसे झिजतात तसे सागात झिजत नाहीत. म्हणून 'मिंडेन' (१८१०), 'कॉर्नवॉलिस' (१८१३), 'त्रिंकोमाली' (१८१७), 'एशिया' (१८२४) अशी मालिका मुंबईत उभी राहिली. यांपैकी 'कॉर्नवॉलिस'वरच १८४२ मध्ये चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. अभिमान बाळगताना हेही लक्षात असावे. आणि अमेरिकेचे राष्ट्रगीत 'मिंडेन'वर लिहिले गेले ही गोष्ट कृपया पुढे पाठवू नये. फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री अमेरिकी तहनौकेवर होता.

हा साग मुख्यत्वे मलबारचा होता. गोदीचा पुरवठा निर्वेध राहावा म्हणून कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्यास वनसंरक्षक नेमले. हिंदुस्थानातील हे या प्रकारचे पहिले पद. लगोलग सागावर कंपनीचा हक्क जाहीर झाला आणि परवानगीवाचून तोड करण्यास मनाई झाली. ज्या झाडांवर कालपर्यंत जमीनमालकांचा, व्यापाऱ्यांचा आणि रानात राहणाऱ्यांचा वावर होता, ती एका आज्ञेने सरकारी झाली. असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये ते पद रद्द करावे लागले.

कल्पना मात्र रद्द झाली नाही. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले. गंमत अशी की त्याच सुमारास, १८४८ मध्ये, 'मियानी' ही मुंबईत बांधलेल्या शेवटच्या मोठ्या लाकडी युद्धनौकांपैकी एक पाण्यात उतरली. लोखंड आणि वाफ यांचा काळ सुरू झाला होता. गोदीची भूक ओसरली, पण तिच्या पोटी जन्मलेले खाते राहिले. पुढे १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले, 'राखीव जंगल' हा शब्द आला आणि जंगलात पूर्वापार राहणारा माणूस कागदोपत्री अतिक्रमक ठरला.

कोणी म्हणेल, जंगल रेल्वेच्या स्लीपरांनी अधिक खाल्ले. ते खरेच आहे, त्या कायद्यांमागे रेल्वेचा हात मोठा होता. परंतु झाड हे सर्वप्रथम सरकारचे, हा विचार रुळांच्या कितीतरी आधी, जहाजाच्या कण्यासाठी मांडला गेला. म्हणून गोदीचा इतिहास गोदीच्या भिंतीपाशी संपवणे मला अप्रामाणिक वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. त्या कायद्याखाली आमच्या जिल्ह्यातील वारली, कोकणा, कातकरी कुटुंबे दाव्यांची कागदपत्रे घेऊन अजून कचेऱ्यांत जातात. आजोबांच्या वहिवाटीचा पुरावा मागितला जातो तेव्हा ती मागणी कोणत्या परंपरेतून आली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी ठाऊक असले पाहिजे.

'त्रिंकोमाली' आजही तरंगते आहे, इंग्लंडमधील हार्टलपूल येथे. लोक तिकीट काढून ती पाहतात. तिच्या छायाचित्राखाली 'वाडियांची करामत' असे लिहिणाऱ्या मित्रांशी माझे भांडण नाही. त्यांनी एक ओळ सागासाठी वाढवावी, एवढेच सुचवते.

पुढील धागा विजयदुर्गजवळ खडक फोडून केलेल्या आंग्र्यांच्या गोदीवर.