विश्लेषण : पालावर मनाचा आधार कोण?

धाराशिव जिल्ह्यात मानसिक आरोग्याची चर्चा शेतकरी आत्महत्यांपाशी सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच थांबते. राज्य सरकारचा २०१५ मधला ‘प्रेरणा प्रकल्प’ त्यातूनच आला. आशा कार्यकर्तीने घरोघरी प्रश्नावली भरायची, नैराश्याची लक्षणे दिसली की समुपदेशन व उपचारांपर्यंत पोहोचवायचे, अशी त्याची रचना. पण गायरानावर पालात राहणाऱ्या पारध्यांचे काय? उंबऱ्यावर बेतलेली यंत्रणा उंबराच नसलेल्यांपाशी अडखळते.

ताण कुठला?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, शिक्का राहिला. परिसरात चोरी झाली की संशय आधी पालावर, ही तक्रार कार्यकर्ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. झडतीची धास्ती ज्या घरात रोजची, तिथे झोप उडणे हा कुणाला आजार वाटतच नाही.

मग सावरते कोण?

भावकी. कुणाला पोलिसांनी नेले तर लेकरांच्या भाकरीची, जामिनाच्या धावपळीची जबाबदारी तीच घेते. मात्र हेच जाळे जात पंचायतीत बसले की दंड ठोठावते, वाळीत टाकते. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा राज्यात २०१७ पासून लागू आहे. पण तक्रार करणाऱ्याचा एकुलता आधारच तुटतो, हे कायद्याला कसे दिसावे?

दुसरे जाळे शाळेने विणले. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत भटके-विमुक्तांच्या मुलांसाठी १९९३ मध्ये निवासी प्रकल्प उभा राहिला. एका पंगतीत जेवून वाढलेल्या मुलांना भावकीबाहेरही मन मोकळे करायला माणसे मिळतात. ही गोष्ट निकालाच्या टक्केवारीत येत नाही.

मोबाइलने तिसरे जाळे दिले. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांशी बोलणे राहते, लिहिता न येणारेही आवाजी निरोप धाडतात. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे. पण पारध्यांची घरची बोली गुजरातीच्या जवळची. शिवाय ‘सरकार’ म्हणजे खाकी वर्दी हाच अनुभव असेल, तर सरकारी क्रमांकावर दुःख सांगणार कोण?

म्हणून आशा कार्यकर्तीसोबत वस्तीतलीच, ती बोली बोलणारी बाई हवी. तिला प्रशिक्षण आणि मानधनही हवे. आणि भेट दसऱ्याआधी व्हायला हवी, कारण त्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात.