छळछावणी ही युद्धाची गरज नव्हे

हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या शहर मध्यवर्ती ग्रंथालयात स्पर्धापरीक्षेची मुले दिवस दिवस बसून असतात. परवा डबा खाता खाता त्यांतला एक जण ठामपणे म्हणाला, ‘‘युद्ध म्हटलं की छावण्या आल्याच. शत्रूच्या माणसांना मोकळं कोण सोडील?’’ हे मत त्याच्या एकट्याचे नाही, म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा.

युद्धकैदी सगळेच देश ठेवतात, हे खरे. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअरांशी झालेल्या युद्धात इंग्रजांनी पकडलेले बोअर सैनिक आपल्या अहमदनगरलाही ठेवले होते. ते बंदूक घेऊन लढले होते. पण त्याच वेळी तिकडे इंग्रजांनी बोअरांची शेतघरे जाळली आणि बायकामुलांना तंबूंत कोंडले. त्यांच्या हातात कुठली बंदूक होती? लढणाऱ्यांना घरून मिळणारी भाकरी आणि बातमी तोडायची, एवढाच हेतू. सुमारे २८,००० बोअर तिथे मेले. त्यांत बहुतेक मुले. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो गेले. त्यांची तर नीट मोजदादही झाली नाही.

कुणी म्हणेल, त्यांना गोवरासारख्या रोगराईने मारले, सरकारने नव्हे. मग १९०१ साली इंग्रज समाजसेविका एमिली हॉबहाउसबाईंनी छावण्यांचे हाल इंग्लंडपुढे मांडल्यावर, अन्नपाण्याची आणि औषधाची सोय सुधारताच मृत्यू झपाट्याने कसे घटले? जे टाळता येत होते ते टाळले नाही, याचा दोष गोवराच्या माथी मारता येणार नाही.

‘छावणी युद्धापुरतीच असते’ हा दावाही टिकत नाही. नाझी जर्मनीतली डाखाउची छावणी २२ मार्च १९३३ ला उघडली. दुसरे महायुद्ध सहा वर्षांनी पेटले. आणि आपल्याकडे? २१ नोव्हेंबर १९६२ ला चीनने युद्धबंदी जाहीर केली. तरीही आसाम-दार्जिलिंगकडच्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना, शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, रेल्वेने राजस्थानातल्या देवळीला नेऊन डांबले. त्यांतले कित्येक याच मातीत जन्मलेले. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडले.

देशाला स्वतःचे रक्षण करण्याचा हक्क आहेच. ज्याच्यावर संशय आहे त्याला पकडा, आरोप सांगा, न्यायाधीशापुढे उभे करा. आरोप माणसागणिक सिद्ध करावा लागतो. छावणी ही कटकट टाळते. ती वंश पाहते, आडनाव पाहते आणि फाटक लावते. ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ या इंग्रजी नावातल्या ‘कॉन्सन्ट्रेशन’चा अर्थ नुसता ‘एकत्र करणे’ असा आहे. मराठीने तिला छळछावणी म्हटले, तेच खरे नाव.

दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना डांबल्याबद्दल अमेरिकेने १९८८ साली कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. देवळीच्या माणसांची माफी मागणे आपल्याकडून अजून बाकी आहे.