उजेड हेच पात्र

पुराणकथेवरचे चित्र समोर आले की आपण आधी पात्रे ओळखू लागतो. देव कोण, प्रसंग कोणता, एवढे कळले की चित्र पाहून झाले असे वाटते. फ्रेंच चित्रकार आन-लुई जिरोदे याच्या ‘एंडिमियनची निद्रा’ या चित्रापुढे ही सवय कामी येत नाही, कारण कथेची नायिका त्यात दिसतच नाही. ग्रीक कथेतली चंद्रदेवता निजलेल्या देखण्या मेंढपाळावर, एंडिमियनवर, भाळते आणि रात्री त्याला भेटायला येते. निकोला पुसँने १६३०च्या सुमारास हा विषय रंगवला, तेव्हा देवी मेंढपाळासमोर सदेह उभी केली. जिरोदेने १७९१ मध्ये रोममध्ये तिचे शरीर गाळले आणि नुसते चांदणे ठेवले. या एका निर्णयाने उजेड हेच पात्र झाले, आणि पाहणाराही कथेत ओढला गेला.

चित्रात पंख असलेला एक मुलगा झाडाच्या फांद्या बाजूला सारतो आहे. त्या फटीतून आलेला झोत एंडिमियनच्या छातीवर, चेहऱ्यावर उतरतो. बाकीचे अंग सावलीत विरघळत जाते. त्याचा कुत्राही काळोखातच निजला आहे. जिरोदेचे गुरू दाविद यांच्या १७८४च्या ‘होराशियसपुत्रांची शपथ’मध्ये उजेड लख्ख आहे, कडा धारदार आहेत, कोण कशासाठी उभा आहे ते एका नजरेत कळते. इथे मात्र डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते. मग ध्यानात येते की देवी जिथे पाहते आहे, तिथेच आपणही पाहत आहोत. ती समोर दिसली असती, तर आपण तिऱ्हाईत राहिलो असतो. ती नाही, म्हणून निजलेल्याला त्याच्या नकळत न्याहाळण्याचा अवघडलेपणा आपल्या वाट्याला येतो.

कथा ठाऊक नसेल तर हा उजेड नुसता उजेडच उरेल, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. देवीचे नाव कळणार नाही, पण कुणाला तरी मुद्दाम वाट करून दिली जाते आहे, हे त्या मुलाच्या हातांवरून कळतेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फ्रान्स क्रांतीत होरपळत असताना हे स्वप्नरंजन कशाला? चित्र पॅरिसच्या ‘सलों’ या प्रदर्शनात १७९३ साली, दहशतीच्या पर्वाच्या तोंडावर, मांडले गेले, हे खरे. पण काय मानायचे ते ठणकावून सांगणाऱ्या काळात पाहणाऱ्याला स्वतः अर्थ लावायला लावणे, याला पळवाट म्हणता येणार नाही. म्हणून अशा चित्रापुढे माहितीची पाटी नंतर वाचावी. आधी उजेड कुठून येतो, कुठे थांबतो आणि आपल्याला कुठे उभे करतो, ते पाहावे.